इंग्रजीचं एम.ए. करू नका, हा सल्ला चुकीचा आहे

बी.ए.चे निकाल लागले की नागपुरात दरवर्षी एक सल्ला कानावर येतो: इंग्रजी साहित्यात एम.ए. करू नका. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत तो दिला जातो. गावाकडे मामा-काका देतात, ‘काऊन बाप्पा, इंग्रजी घेऊन का करशील?’ मराठीची काळजी वाहणारी माणसं तोच सल्ला वेगळ्या कारणानं देतात. परक्यांचं साहित्य डोक्यावर घेऊन आपली पोरं मातीपासून तुटतात, असं त्यांना वाटतं. आणि आता संगणकवाले सांगू लागलेत की लिहायचं काम यंत्र करतं, मग लिहिणं शिकण्यात दोन वर्षं कशाला घालवायची? सांगणारे चार, निष्कर्ष एकच.

मी या शहरात इंग्रजी शिकवतो. हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. तरीही आमच्या बाजूनं या सल्ल्याला जे उत्तर दिलं जातं, तेही मला मान्य नाही. विभागाच्या प्रवेश-पत्रकात ‘एम.ए.नंतरच्या संधी’ असा मथळा टाकून खाली प्राध्यापकी, पत्रकारिता, प्रकाशन, कंटेंट रायटिंग अशी यादी छापायची, ही पळवाट आहे. पालक ती यादी वाचतात, शेजारच्या घरातला नेट-सेट झालेला मुलगा तासिका तत्त्वावर शिकवताना पाहतात आणि कोण खरं बोलतंय ते त्यांना कळतं.

तेव्हा नोकरीचं आधी बोलू. नेट ही परीक्षा राष्ट्रीय पातळीवरची, सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. यातली एक उत्तीर्ण झाली की माणूस सहायक प्राध्यापकपदाला पात्र होतो. पात्र होतो, नेमला जात नाही. अनुदानित महाविद्यालयांतल्या जागा निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, आणि त्या जागांचा वर्कलोड सीएचबीवाल्यांवर टाकला जातो. सीएचबी म्हणजेच तासिका तत्त्व: जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे. परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दिवाळीला नाहीत, उन्हाळ्यात नाहीत. पस्तिशी ओलांडलेली, पीएच.डी. झालेली माणसं सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेत बर्डीवरून हिंगण्याकडे गाडी हाकताना मी रोज पाहतो. त्यांच्याकडे बघून एखाद्या बापानं मुलीला ‘हे नको’ म्हटलं, तर मी त्या बापाला दोष देणार नाही. प्राध्यापकी मिळेल या भरवशावर इंग्रजीचं एम.ए. कुणी करू नये, हे मीही सांगतो.

पण या रिकाम्या जागांचा अर्थ टीकाकार उलटा लावतात. विषयात दम नाही म्हणून जागा भरत नाहीत, असं ते समजतात. खरा क्रम असा आहे: जागा भरल्या नाहीत, म्हणून वर्गात लिहून घेणारं आणि तपासून देणारं कुणी उरलं नाही, लिहून घेणं थांबलं, म्हणून पदवी पोकळ झाली, आणि ती पोकळ झाल्यावर आता तीच बंद करा असं म्हणतायत. ज्याला तासाचे पैसे मिळतात त्याला पानं तपासण्याचे मिळत नाहीत. चाळीस मुलांनी दर आठवड्याला एक-एक पान लिहून दिलं तर ते वाचायला, त्यावर शेरे मारायला, पुन्हा लिहून आणलेलं पुन्हा वाचायला दोन पूर्ण दिवस लागतात. हे दोन दिवस कुणाच्या हजेरीपटावर चढत नाहीत. मग तो बिचारा काय करील? नोट्स देईल.

या नोट्सचं पुढं काय होतं ते उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विचारा. हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का लावतो, हा प्रश्न आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. गठ्ठा उघडायचा. पहिल्या पेपरातलं पहिलं वाक्य आणि दुसऱ्या पेपरातलं पहिलं वाक्य तंतोतंत एक. तिसऱ्यातही तेच. गाईडच्या एका आवृत्तीत क्लॉडियसच्या नावातलं एक अक्षर छपाईत गळलेलं होतं. ते गळलेलं अक्षर मी पेपरामागून पेपरात गळलेलंच पाहिलं. आरमोरीच्या मुलानं गाळलं, पवनीच्या मुलीनं गाळलं, नागपूरच्या मुलानंही गाळलं. त्यांच्यातल्या कुणाला हॅम्लेटबद्दल स्वतःचं काही वाटलं नसेल, असं मी मानायला तयार नाही. वडील गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत घरात सगळं उलटंपालटं झालेलं पाहणारी मुलं त्या वर्गात बसलेली असतात. पण वाटतं ते लिहायचं असतं, आणि ते कसं लिहायचं हे शिकवणं आमचं काम आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. नेट-सेटही त्यांना ते सांगत नाही. नेटमध्ये दीडशे प्रश्न, तीन तास, सगळे चार पर्यायांचे. म्हणजे इंग्रजी साहित्याचा अध्यापक होण्यासाठी आज या देशात जी चाळणी लावली जाते, तिच्यातून पार व्हायला उमेदवाराला एकही वाक्य लिहावं लागत नाही. या गोष्टीची लाज टीकाकारांआधी आम्हाला वाटायला हवी होती.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू. इंग्रजीच्या एम.ए.ला आज येतं कोण? नागपूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली मुलं येत नाहीत. ती इंजिनिअरिंगला जातात, लॉला जातात, पुणे-बंगलोर गाठतात. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात किंवा शहरातल्या जुन्या कॉलेजांत या विषयाला बसणारी मुलं बहुतेक तालुक्यांतून आलेली असतात: कुही, उमरेड, तुमसर, तिरोडा, ब्रह्मपुरी. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली. मुली जास्त. त्यांच्याबद्दल एक वाक्य सर्रास बोललं जातं: लग्न जमेपर्यंत काहीतरी करतेय. ते वाक्य बोलणाऱ्यांना कल्पनाही नसते की ती दोन वर्षं त्या मुलीनं घरात भांडून मिळवलेली असतात. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर एक पुस्तक असतं, दोन तास मोकळे असतात आणि ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारं कुणीतरी असण्याची शक्यता असते. ‘करू नका’ हा सल्ला नेमका तिच्या वाट्याला येतो. ज्यांना पर्याय आहेत त्यांनी हा सल्ला कधीच अमलात आणलाय. तो आता फक्त पर्याय नसलेल्यांना दिला जातोय.

या शहरात श्रीकांत जिचकार होऊन गेले. एम.बी.बी.एस., एम.डी., कायदा, आधी आय.पी.एस. मग आय.ए.एस., आणि त्यासोबत नागपूर विद्यापीठाची एकामागून एक एम.ए.; त्यांत इंग्रजी साहित्याचंही. त्यांच्या पदव्यांची यादी आम्ही अभिमानानं सांगतो, आणि सांगावी अशीच ती आहे. त्या यादीतल्या इंग्रजी साहित्याकडे बोट दाखवून ‘याचा काय उपयोग?’ असं कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. डॉक्टरकी हातात असलेल्या माणसानं साहित्य वाचलं तर ते व्यासंग ठरतं. शेतमजुराच्या मुलीनं वाचलं की ते वेळ वाया घालवणं ठरतं. हा भेद मला सहन होत नाही.

नागपूरनं हा भेद पूर्वीही पाहिलेला आहे. कुमुद पावडे याच शहरात दलित घरात जन्मल्या आणि त्यांनी संस्कृतात एम.ए. केलं. तुझ्यासारखीला संस्कृत कशाला, हे त्यांना शब्दांत आणि नजरेतून किती वेळा ऐकवलं गेलं, हे ‘अंतःस्फोट’ वाचलेल्यांना माहीत आहे. पदवी असूनही नोकरीचं दार बंदच राहिलं. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदललं आणि मग ते उघडलं, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या वेळी शास्त्राचं आणि सोवळ्याचं नाव पुढं केलं जायचं. आज ‘मार्केट’चं नाव पुढं केलं जातं. कुणी काय शिकावं हे दुसऱ्यानंच ठरवायचं, ही सवय मात्र जुनीच आहे. आणि इंग्रजीच्या बाबतीत तर सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना ही भाषा शिका म्हणून सांगितलं होतं. त्या हाकेला ओ देऊन जी मुलं आज साहित्यापर्यंत येऊन पोचलीत, त्यांना आम्ही परत पाठवणार?

इथं काही जण मधला मार्ग सुचवतात: इंग्रजी हवं तर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा, साहित्य कशाला? बर्डीपासून धरमपेठेपर्यंत असल्या क्लासच्या पाट्यांना तोटा नाही, आणि ज्याला मुलाखतीत चार वाक्यं धड बोलायची आहेत त्यानं खुशाल तिथं जावं. पण बोलता येणं आणि वाचता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ ही १८४२ ची कविता आमच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं आहे. एक सरदार पाहुण्याला आपल्या मेलेल्या बायकोचं चित्र दाखवतोय. तिला आपण मारवलं, असं तो कुठंही म्हणत नाही. अत्यंत सभ्यपणे, चित्रकाराच्या कसबाचं कौतुक करत करत बोलत राहतो आणि वाचणाऱ्याच्या लक्षात हळूहळू येतं की समोर खुनी बसलाय. हा माणूस काय सांगतोय, काय लपवतोय, कुणाला सांगतोय आणि आत्ताच का सांगतोय, हे प्रश्न विचारत ओळीन्‌ओळ पुढं जायचं, हे शिक्षण तीन महिन्यांच्या क्लासात मिळत नाही.

आणि त्याचा उपयोग? नागपूरपुरतंच सांगतो. सिव्हिल लाइन्समध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. १९३६ पासून या शहरात उच्च न्यायालय भरतंय. घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. पण खालच्या कोर्टातल्या साक्षी मराठीत असतात. गडचिरोलीच्या, गोंदियाच्या, यवतमाळच्या माणसानं पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं, ते वरच्या कोर्टात इंग्रजीत वाचलं जातं. मधे कुणीतरी ते भाषांतरित केलेलं असतं. साक्षीदारानं स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं, तो ठामपणे बोलला की चाचरत, वकिलानं त्याच्या तोंडी वाक्य घातलं की ते त्याचं स्वतःचं होतं, हे सगळं मराठी वाक्याच्या वळणात असतं आणि इंग्रजीत आणताना सहज पुसलं जातं. कलमं तोंडपाठ असली म्हणून ते वळण हाती लागत नाही. दोन्ही भाषांतलं बोलणं कानानं ओळखणारा, वाक्याच्या पोटातला संशय वाचू शकणारा माणूस लागतो. झाडीपट्टीची बोली घरात ऐकलेली आणि ब्राउनिंग वर्गात वाचलेली मुलगी या कामाला जितकी लायक आहे, तितकं दुसरं कोण असेल? भूसंपादनाच्या नोटिशी, विम्याची कागदपत्रं, खाणींच्या जनसुनावणीचे अहवाल यांचंही असंच आहे. विदर्भात ज्या कागदांनी माणसांची घरं-शेतं जातात, त्यांतले कितीतरी इंग्रजीत असतात. ते वाचणारा आपल्यातला असावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

आता मराठीवरच्या प्रेमातून येणारा आक्षेप. हा आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांना साहित्याची किंमत कळते. पण त्यांनी आपल्याच घराचा इतिहास नीट पाहिलेला नाही. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि ‘किंग लिअर’ त्यांनी मराठीत आणलं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि त्यांच्या कथांइतकं मराठी रक्ताचं गद्य कुणी लिहिलं असेल तर मला दाखवा. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९७४ साली आलेला त्यांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ बाजूला ठेवून आजही मराठीत सौंदर्यशास्त्राची चर्चा होत नाही. गौरी देशपांडे इंग्रजीच्याच. आणि भालचंद्र नेमाडे, ज्यांच्या देशीवादाचा हवाला देऊन इंग्रजी विभागांना झोडपलं जातं, त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. गोवा विद्यापीठात ते त्याच विभागाचे प्रमुख होते. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्धची मराठीतली सर्वांत धारदार मांडणी इंग्रजीच्या वर्गात तासून निघालेली आहे. समोरच्याचं साहित्य आतून वाचल्याशिवाय त्याच्याशी वाद घालता येत नाही, हे नेमाड्यांना पक्कं ठाऊक आहे.

आमच्या गावचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. नागपुरात आले, इंग्रजीत एम.ए. केलं, धरमपेठेत इंग्रजी साहित्य शिकवत राहिले आणि १९९९ साली निवृत्त झाले. विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ नागपुरात पाहिलं आणि आपण नाटककार व्हायचं ठरवलं, हे त्यांनीच सांगितलंय. पुढं ‘वाडा चिरेबंदी’ आलं. चेकॉव्ह वाचलेल्या माणसाला त्या नाटकात ‘चेरी ऑर्चर्ड’ची आठवण होते, आणि तरीही अंगणात बंद पडून असलेला तो ट्रॅक्टर, ते दागिने, ती वाट बघणारी म्हातारी हे सगळं अस्सल वऱ्हाडातलंच असतं. चेकॉव्ह वाचल्यानं एलकुंचवार मातीपासून तुटले नाहीत. उलट आपल्या घरातली पडझडही नाटकाचा विषय होऊ शकते, हे बळ परक्या घराची पडझड वाचून येतं, असं मला त्यांच्या नाटकांकडे पाहून वाटतं.

गणेश देवींनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं, बडोद्याला इंग्रजी शिकवलं, मग ते सोडून १९९६ साली ‘भाषा’ ही संस्था काढली. त्यांच्या लोकभाषा सर्वेक्षणानं या देशातल्या ७८० भाषांची नोंद केली. गोंडी-माडियासारख्या भाषांना कागदावर मान मिळावा म्हणून धडपडलेला हा माणूस इंग्रजीच्या वर्गातून आलाय.

कुणी म्हणेल, ही अपवादात्मक माणसं, सामान्य विद्यार्थ्याचं काय? पण मी त्यांच्या प्रतिभेचं उदाहरण देत नाही. आक्षेप असा आहे की हा विषय माणसाला तोडतो. तो स्वभावतःच तोडणारा असता तर आयुष्यभर त्यात बुडालेली ही माणसं सर्वांत आधी तुटायला हवी होती.

हा आक्षेप घेणाऱ्यांना एक गोष्ट मी मोकळेपणानं देतो. नागपुरात हा विषय मिशनऱ्यांबरोबर आला. स्टीफन हिस्लॉप इथं १८४५ साली आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ साली सुरू झालं, दोन वर्षांनी मॉरिस कॉलेज निघालं. इंग्रजी साहित्य हा रीतसर शिकवण्याचा विषय म्हणून इंग्लंडमध्ये पाय रोवण्याआधी हिंदुस्थानात रुजला आणि तो राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी रुजवला गेला, हे गौरी विश्वनाथन यांनी सविस्तर दाखवलंय. त्या मुळाची खूण अभ्यासक्रमावर अजून आहे. चॉसरपासून इलियटपर्यंत रांग लावायची आणि भारतीय लेखनाला कोपऱ्यात एक पेपर द्यायचा, ही घडी मोडली पाहिजे. केनियात १९६८ साली न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभाग रद्द करा, अशी मागणी केली होती. पण ती मागणी साहित्य शिकणं बंद करण्याची नव्हती. आफ्रिका मधोमध ठेवा आणि तिथून बाकीच्या जगाकडे पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं. तसं नागपूर मधोमध ठेवा की! इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’सोबत अनंत काणेकरांचं ‘घरकुल’ लावा. ‘चेरी ऑर्चर्ड’ शेजारी ‘वाडा चिरेबंदी’ ठेवा. अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’सोबत आपल्या पूर्वेकडच्या जंगलातल्या गावांत काय घडलं ते मुलांना त्यांच्या आजोबांना विचारून लिहायला सांगा. ही मागणी घेऊन कुणी विद्यापीठाच्या दारात गेलं तर मी त्याच्यासोबत उभा राहीन. विभाग बंद करा म्हणणाऱ्यासोबत उभा राहणार नाही.

राहिलं यंत्र. गेल्या काही सेमिस्टरांत इंटर्नलच्या असाइनमेंट यंत्राकडून लिहून येऊ लागल्या आहेत, हे खरं आहे. व्याकरण निर्दोष, परिच्छेद सारख्या लांबीचे, आणि आत माणूस नाही. ‘हे तुला कोणत्या ओळीवरून वाटलं?’ असं विचारलं की समोरचा गप्प. पण गाईडमधून उतरवलेल्या उत्तरातही आत माणूस नव्हता. यंत्रानं आमचं काही हिरावून नेलेलं नाही. आम्ही जे आधीच सोडून दिलं होतं ते त्यानं उघडं पाडलंय. ज्या परीक्षेत गाईडचं वाक्य चालत होतं तिथं यंत्राचं वाक्य चालणारच. आणि यंत्र लिहून देतं म्हणून लिहिणं शिकू नका, हा तर्क मला कळतच नाही. समोर आलेलं पान खरं की पोकळ हे ठरवणार कोण? ज्यानं स्वतः कधी एक पान झगडून लिहिलं नाही त्याला ते ठरवता येत नाही.

लेखन शिकवता येतं का, अशी शंका आपल्याकडे अजून घेतली जाते. ते उपजतच लागतं म्हणे. गाणं उपजत लागतं, तरी गुरुजी समोर बसवून सूर दुरुस्त करतात. मग लेखनालाच सवलत का? अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं लेखनाची कार्यशाळा १९३६ साली सुरू केली, पण तिकडं जायचं कारण नाही. मराठीत हे काम ‘सत्यकथे’नं केलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा परत पाठवत, पुन्हा लिहून मागत. एलकुंचवारांचं सुरुवातीचं नाट्यलेखन तिथंच छापून आलं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तिच्या संपादकांनी जे टपालातून केलं, ते विद्यापीठाच्या वर्गाला चार भिंतींत करता येऊ नये?

करता येतं. उमरेडकडच्या एका विद्यार्थिनीचं सांगतो. ‘डॉल्स हाउस’वर तिनं पहिल्यांदा आणलेलं पान गाईडचं होतं: नोरा ही स्त्रीमुक्तीचं प्रतीक आहे, वगैरे. समासात मी एवढंच लिहिलं, कोणत्या ओळीवरून? आठवड्यानं ती दुसरं पान घेऊन आली. त्यात प्रतीक नव्हतं, मॅकरून होते. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला नोरा बाजारातून येते, खिशातून मॅकरून काढून एक-दोन खाते, नवऱ्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन कानोसा घेते आणि त्याला हाक मारण्याआधी तोंड पुसते. नंतर त्यानं विचारल्यावर खाल्लेच नाहीत म्हणून सांगते. या मुलीनं विचारलं होतं की तीन मुलांच्या आईला गोड खाऊन तोंड का पुसावं लागतं? पान अर्धवट होतं, इंग्रजी अडखळत होतं. पुन्हा लिही म्हटलं. तिसऱ्या पानात तिनं पत्रपेटी आणली: घरातल्या पत्रपेटीची किल्ली फक्त नवऱ्याकडे आहे. मग शेवटी, स्वतःहून, तांदळाच्या डब्यात पैसे लपवणारी तिची आई आली. आई खोटारडी आहे असं मला लहानपणी वाटायचं, असं तिनं लिहिलं, आणि त्यानंतरचं वाक्य तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं होतं. त्या खाडाखोडीला मी पूर्ण गुण दिले. त्या पानावर ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द कुठंच नव्हता. ही मुलगी आता कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचील, आणि कुणी तिच्यासमोर गोड बोलू लागलं तर तो काय लपवतोय याचा विचार करील.

यासाठी काय लागलं? एक शिक्षक, ज्याला पगार नियमित मिळतो आणि पानं तपासायला वेळ आहे. पन्नासाऐवजी वीस-पंचवीस मुलांची तुकडी. सेमिस्टरला आठ पाठ्यपुस्तकांऐवजी तीन. वर्गात बसून, हातानं, दर आठवड्याला एक पान. नव्या शैक्षणिक धोरणाखाली एम.ए.त संशोधनपद्धती आली, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आलं, प्रकल्प आला. पण ज्यानं आजवर स्वतःचं एक पान लिहिलेलं नाही त्याच्याकडून प्रबंध मागणं म्हणजे पुन्हा उतरवून आणायला सांगणंच आहे. आधी पान लिहून घ्या. आणि सरकारला एवढंच सांगा की इंग्रजीच्या रिकाम्या जागा भरा, पूर्ण पगारावर भरा. ‘विषयाला मागणी नाही’ हे कारण तोवर ऐकून घेण्यात अर्थ नाही, कारण मागणी मारली कुणी हे आता सांगून झालंय.

पालकांना माझं सांगणं वेगळं आहे. प्रवेशाच्या वेळी कॉलेजात जाल तेव्हा प्लेसमेंटचं विचारू नका. उत्तर गोड मिळेल आणि खोटं असेल. असं विचारा: पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? मुलीला आठवड्याला किती लिहावं लागेल? ते कोण तपासणार? तपासलेलं परत मिळेल का, आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची शेरे मारलेली वही दाखवता का? वही दाखवली तर फी भरा. नाही दाखवली तर अमरावती, वर्धा, भंडारा, जिथं दाखवतील तिथं चौकशी करा आणि मुलीला हवा असलेला विषय तिला घेऊ द्या.